बोटाबोटानं

नाना खोलीच्या दारातून निघाले की सात पावलं चालायचे आणि मग उजवा हात पुढं करायचे. हात बरोबर ओसरीच्या मेढीवर, म्हणजे छपराला आधार देणाऱ्या लाकडी खांबावर पडायचा. तिथून डावीकडं वळून चार पावलं गेलं की पाण्याचा रांजण, रांजणाशेजारी दगडी कट्टा आणि कट्ट्याच्या अगदी कडेला पितळी तांब्या. पाणी पिऊन ते तांब्या परत ठेवायचे तेव्हा त्याचा आवाज झालेला मी कधी ऐकला नाही. घरी नवा पाहुणा आला तर नानांना दिसत नाही हे त्याच्या लक्षात यायला चांगला तासभर जायचा. लक्षात आलं की तो बोलता बोलता अडखळायचा, आणि ते अडखळणं ऐकून नाना मिशीत हसायचे.

नाना माझ्या वडिलांचे, दादांचे, थोरले भाऊ. माझ्या जन्माआधीच काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. पाठोपाठ बायको गेली, मूलबाळ नव्हतं. दोघा भावांचा मिळून नाशिकच्या बाहेर, मखमलाबादच्या वाटेला मळा होता. गुलाब, शेवंती, निशिगंध, बांधाला झेंडू आणि मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. आज तिथं सात मजली इमारती आहेत, आणि त्यातल्या एकीच्या खालच्या दुकानात माझा नातू केस कापायला जातो. त्याचं होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसते आणि आमची विहीर नेमकी कुठं असेल याचा अंदाज बांधत राहते. दर वेळी वेगळी जागा वाटते. दादा सकाळी लवकर फुलांच्या पाट्या सायकलला बांधून पंचवटीतल्या दुकानांना पोचवायचे, हार घरी व्हायचे, आणि घर नानांच्या ताब्यात. कुठला वाफा कधी खणायचा, कुठल्या दुकानाला फुलं द्यायची, भाजी कसली करायची, सगळं त्यांना विचारून. मीठ संपलं हे सांगायलाही आई दाराआड उभी राहायची, डोक्यावर पदर घेऊन. तो पदर त्यांना दिसत नव्हता. तरी एकदा ती घ्यायची विसरली, तर नानांनी आवाजावरून ओळखलं. पदर गालाशी असला की आवाज जरा दबतो, असं ते म्हणाले, आणि दोन दिवस त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही.

काठी त्यांनी कधी हातात धरली नाही. दादांनी एकदा चांगली वेताची काठी आणून दिली होती, ती त्यांनी गुडघ्यावर ठेवून मोडली आणि बंबात घालायला सांगितली. "काठी आंधळ्याला लागती," म्हणाले. काठीऐवजी त्यांनी सगळं घर पाठ केलं होतं, आणि ते पाठ राहावं म्हणून आम्ही घरातली कुठलीही वस्तू हलवायची नाही असा नियम होता. खराटा गोठ्याच्या भिंतीला, पाट चुलीमागं, चपला ओसरीखाली टाचा भिंतीला लावून. मला लहानपणी वाटायचं की नाना मनातल्या मनात पावलं मोजतात. एकदा मी धीर करून विचारलं, "नाना, मेढीपर्यंत किती पावलं?" ते विचार करत राहिले आणि त्यांना सांगता येईना. सात पावलं मी मोजली होती. त्यांनीही पहिल्या वर्षी मोजली असतील, पण पुढं ते काम पायांनीच अंगावर घेतलं असावं. ती वेळ मी विसरले नाही. आपण कसे चालतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला होतं.

त्यांच्या शिक्षा ज्याच्या त्याला मापून दिलेल्या असायच्या. मी एकदा विहिरीवरून आणलेली भरली बादली दमले म्हणून अंगणात मध्येच टेकवली आणि विसरले. नानांची नडगी तिच्यावर आपटली. ते ओरडले नाहीत, ओरडायचे नाहीतच कधी. त्यांनी मला हाक मारली, बादली उचलून न्यायला लावली, आणि जिथं बादली होती तिथं मला उभं केलं. "बादलीला तिची जागा कळत नाय," ते म्हणाले. "तू हुभी राहा, तुला तरी कळंल." चैत्रातलं ऊन होतं आणि पायात काही नव्हतं. मधूनमधून ओसरीवरून हाक यायची, "शकू," आणि माझी ओ त्याच जागेवरून आली की ते पुन्हा हाराला लागायचे. आई दोनदा स्वयंपाकघराच्या दारात आली आणि परत आत गेली. दादा मळ्यातून जेवायला आले, माझ्या अंगावरून पाय धुवायला गेले, जेवले. कुळथाचं पिठलं होतं त्या दिवशी, लसणाची फोडणी दिलेलं, त्याचा वास अंगणभर होता. जेवून दादा परत जाताना माझ्यापाशी जरासे थांबले. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी फक्त माझ्या सावलीकडं बघितलं आणि गेले.

आईला याहून वाईट. एकदा ठेचा वाटून झाल्यावर पाटा भिंतीला लावायचा राहिला. नानांनी दादांना सांगून झालेला सगळा स्वयंपाक म्हशीपुढं टाकायला लावला, आईला पहिल्यापासून पुन्हा भाकरी थापायला लावल्या, आणि ताट वाढल्यावर भूक नाही म्हणाले. भाकऱ्यांचं टोपलं दादांनीच गोठ्यात नेलं. सांगितलं ते उचलून न्यायचं, ही त्यांची सवय होती आणि लहानपणापासूनची होती. थोरल्या भावानं त्यांना वाढवलं होतं, हे मी समजू शकते. त्यांना दोष देते का, असं लेकीनं मला मध्ये विचारलं. देते.

हेही सांगितलं पाहिजे की नानांसारखा हार करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीचा, दोरा पाण्यात भिजवून ते मांडीवर घ्यायचे, आणि बोटं अशी चालायची की फुलं आपणहून गाठीत येऊन बसताहेत असं वाटावं. गुलाब ऊन चढल्यावर तोडला असेल तर हातात घेताच बाजूला टाकायचे. बोलत असायचे, कोणाला तरी टोचत असायचे, आणि हात वेगळ्याच माणसाचे असल्यासारखे शांतपणे काम करायचे. संध्याकाळी पाण्याची मोटार बंद झाली की एकदम शांतता व्हायची आणि तिच्यात फक्त दोरा ओढल्याचा बारीक सरसर आवाज. मला तो आवाज आवडायचा, आणि आवडतो याचा रागही यायचा.

माझी थोरली बहीण तारा सातवीनंतर घरी बसली होती आणि दोन वर्षांनी सिन्नरकडं तिचं लग्न झालं होतं. मी सातवी पास झाले तेव्हा वर्गात पहिली होते. शाळेतल्या बाई घरी येऊन गेल्या, आईनं त्यांना गुळाचा चहा दिला, आणि नानांनी त्यांच्याशी इतकं गोड बोलून घेतलं की जाताना बाई मला म्हणाल्या, तुझे काका फार समजूतदार आहेत. त्या फाटकाबाहेर गेल्यावर नानांनी दादांना बोलावलं. मी समोरच फुलं निवडत होते. नाना म्हणाले की दसऱ्यापर्यंत पोरीला जाऊ दे, दसऱ्याला झेंडूचं काम अंगावर येईल तेव्हा बंद कर. दादा म्हणाले, हुशार आहे, बाई म्हणतात.

"हुशारीचं काय करायचं? हाताला आत्ता वळण लागलं तर लागलं. मोठं झाल्यावर बोटं आयकत नाय." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "शाळेची सवय लय दिवस राहत नाय, शकू. पंधरा दिवस रडू येतं. ताराची पंधराच दिवसांत मोडली."

दादा बघू म्हणाले. आमच्या घरात दादांनी बघू म्हटलं की ते ठरलेलं असायचं.

पुढचं घडलं ते आधी ठरवून नाही. श्रावणात एका सकाळी मी ओसरी सारवत होते. कट्टा पुसायला तांब्या उचलला आणि परत ठेवला तो कडेला न ठेवता चार बोटं आत. नाना आले, पाणी प्यायला हात टाकला, आणि तो रिकाम्या हवेत मिटला. मी तिथंच शेणाचे हात घेऊन बसले होते. आता मला हाक येणार म्हणून अंग आवळून घेतलं. पण हाक आली नाही. नाना हात तसाच धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. रस्ता चुकलेल्या मुलाचा चेहरा असतो तसा. मग त्यांनी हळूच हात आत नेला, तांब्या सापडला, पाणी प्यायले, आणि पुन्हा कडेला ठेवताना पहिल्यांदाच तो दगडावर वाजला. त्यांना मी चुकले असं वाटलंच नव्हतं. आपणच चुकलो असं वाटलं होतं. तो चेहरा मला आवडला. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली आहेत, म्हणून पुन्हा लिहिते, आवडला.

दुसऱ्या दिवशी मी तो मुद्दाम सरकवला. मग रोज. माझे मीच नियम घातले होते. एका दिवशी एकच वस्तू, कधीही चार बोटांपेक्षा जास्त नाही, आणि त्यांचा हात किंवा पाय चुकला की लगेच ती जागेवर. एखादी वस्तू हातभर सरकवली असती तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं आणि मी अंगणात उभी राहिले असते. चार बोटांचा संशय माणूस दुसऱ्याचा घेत नाही, स्वतःचा घेतो. ही अक्कल मला तेराव्या वर्षी कुठून आली कोण जाणे, पण आली. गेल्या वर्षी सूनबाईंनी स्वयंपाकघर नवीन करून घेतलं आणि मिठाचा डबा वरच्या फळीवर गेला. तीन महिने माझा हात खालीच जात होता. प्रत्येक वेळी मला क्षणभर वाटायचं की माझंच काहीतरी बिघडलंय, आणि मला तर दिसत होतं. सून म्हणाली, आई, होईल सवय. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

कधी तांब्या, कधी त्यांची बसायची घोंगडी, कधी सोपटाची परात. नाना रागानं हाक मारायचे, "परात कोणी हालवली?" तोवर मी ती जागेवर आणलेली असायची. आई येऊन बघायची आणि खरंच गोंधळून सांगायची की परात तर तिथंच आहे. नाना चाचपायचे. परात तिथंच असायची. मग मी जवळ जाऊन म्हणायची, "नाना, ही बघा, इथं आहे," आणि त्यांचा हात धरून तिच्यावर ठेवायची. मला वाटतं यातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच होती.

भाद्रपद लागेपर्यंत नाना पावलं मोजायला लागले. मोठ्यानं. एक, दोन, तीन. आणि मोजायला लागल्यावर ते जास्त चुकू लागले, मी काही सरकवलं नाही त्या दिवशीही. पाय थबकायचे, हात आधीच पुढं यायचा, मेढ सहाव्या पावलावर शोधायचे. इतकी वर्षं ज्यात डोकं घालावं लागलं नव्हतं त्यात डोकं घातलं आणि सगळं विस्कटलं. दादा त्यांना शहरात डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी नावं विचारली, वार विचारला, मनावर ताण आहे, विश्रांती द्या म्हणाले. दादांनी येऊन आईला हळू आवाजात सांगितलं की नानांचं डोकं जरा फिरायला लागलंय. नाना आतल्या खोलीत होते. त्यांचे कान चांगले होते.

मग घर बदललं. एकदा आई पदर न घेता दारात जाऊन बोलली. नानांनी मान वर केली, ऐकलं, आणि गप्प बसले, कारण आता त्यांना कानांचीही खात्री उरली नव्हती. आईच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम पदर घेतला नाही. त्यांना चहा गार मिळायला लागला, भाकरी सकाळची मिळायला लागली, आणि ते काही बोलले की आई "बरं बरं" म्हणायची, लहान मुलाला म्हणतात तसं. दादांनी पंचवटीतलं एक जुनं दुकान सोडून दुसऱ्याला फुलं द्यायचं ठरवलं आणि नानांना सांगितलंही नाही. शेजारच्या मळ्यातल्या बायका फुलं तोडायला यायच्या त्या नानांची मोजणी ऐकून पदरात तोंड घालून हसायच्या. एका दुपारी आई त्यांच्यात बसून हसली. आईचं हसणं इतकं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. मीही हसले. आमच्या घरात त्या दिवसांत खरोखर सुख होतं.

दसरा चार दिवसांवर आला. अंगणात झेंडूचे ढीग पडले होते, घरभर त्याचा उग्र वास, हातांना पिवळा चिकटा. शाळेचा विषय कोणीच काढला नव्हता. मला वाटलं होतं की नानांचा शब्द आता चालत नाही म्हणजे तोही शब्द गेला. पण त्याच संध्याकाळी नानांनी दादांना त्याची आठवण करून दिली, आणि दादा म्हणाले, "व्हय, सांगतो शाळेत." इतर सगळ्यात त्यांनी भावाला गुंडाळून ठेवलं होतं. हे एवढं मात्र त्यांना स्वतःलाही सोयीचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आमची मोरी घरामागं होती, उघडीच, तीन बाजूंना कुडाच्या भिंती. तिच्या तोंडाशी चढायला एक सपाट दगड, आत उजव्या हाताला तांब्याचा पाण्याचा बंब. नाना रोज सकाळी त्या दगडावर उजवा पाय ठेवायचे आणि आत जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंब पेटवला, पाणी उकळायला लागलं, आणि बाहेर येऊन मी तो दगड पायानं ढकलला. माझा नियम चार बोटांचा होता. त्या दिवशी एक वीत ढकलला, चांगली मोठी वीत. काय व्हावं असं मला वाटत होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पडावेत असं वाटत होतं. बंबाचा विचार केला नव्हता, एवढं म्हणू शकते, आणि तेवढ्यानं काही होत नाही.

ते मोजत आले. पाय दगडाच्या कडेवर पडला, घोटा मुरडला, आणि पडताना त्यांनी आधाराला उजवा हात पुढं टाकला, मेढीकडं टाकायचे तसा, सवयीनं. तिथं मेढ नव्हती. हात बंबाच्या तापल्या अंगावर पडला, बंब त्यांच्या भारानं कलंडला, आणि उकळतं पाणी आणि निखारे दोन्ही त्याच हातावर आले. आवाज झाला तो मी इथं लिहीत नाही. आई आणि दादा धावत आले. दोघांनी त्यांना धरून ओसरीवर आणलं, आई भाजल्यावर लावायला पिठाच्या डब्याकडं धावली, दादा गार पाणी ओतत राहिले. मी मागंच होते. मी दगड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या खड्ड्यात नीट बसवला, बाजूची माती पायानं दाबली. मग ओसरीवर गेले.

नाना कण्हत होते, पण बोलत होते. "दगड कुठं हाय? तो बघ आधी. दगड हालला होता."

दादा गेले आणि बघून आले. "जागेवर हाय, नाना," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात त्रासिकपणा होता.

नानांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "माझं डोकं गेलं रे." आणि त्यानंतर त्यांनी कण्हायचंही थांबवलं.

दसऱ्यापासून कार्तिकापर्यंत नाना शहरातल्या दवाखान्यात होते. परत आले तेव्हा उजव्या हाताची मधली तीन बोटं तळव्याकडं वळून तशीच चिकटली होती. सोपट त्यांच्या हातात दिलं तर ते मांडीवर ठेवून नुसते बसायचे. पण हातापेक्षा मोठं काही मोडलं होतं. खाटेवरून ते उतरेनात. जमीन आहे हे त्यांना पटेना. पाय खाली सोडायचे, अंगठ्यानं चाचपायचे आणि वर घ्यायचे. दादांनी काठी आणली, ती त्यांनी या वेळी मुकाट्यानं घेतली, पण काठी जे सांगायची त्याच्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास एकाच माणसावर होता. सगळे हसत होते तेव्हा जी जवळ येऊन म्हणायची, नाना, हे बघा, इथं आहे, तिच्यावर. त्यांनी दादांना सांगितलं की मला शकू लागंल, दुसऱ्या कोणाच्या हातानं मी उठणार नाय.

मला वाटलं होतं की निदान शाळा तरी वाचेल. दादांनी मला विहिरीपाशी बोलावून सांगितलं की तुझी आई मळ्यात असते, मी बाजारात, नानांपाशी कोणीतरी पाहिजे. माझ्याकडं न बघता बोलत होते. शाळेतून नाव त्यांनी आधीच काढलं होतं. मी रडले, आणि नाना म्हणाले होते तसं पंधरा दिवसांनी रडू थांबलं.

पाच वर्षं मी त्यांना धरून चालवलं. त्यांचा तो वाकडा हात माझ्या डाव्या खांद्यावर, मी अर्धं पाऊल पुढं. मी सांगायची, उंबरा, खड्डा, पायरी, आणि ते पाऊल उचलायचे. पुढं लग्नानंतर मी बाहेरून परीक्षा दिल्या, अंगणवाडीत लागले, तिथून निवृत्त झाले, ते सगळं वेगळं. पण त्या पाच वर्षांत माणसाची सवय कशी तयार होते हे मी माझ्याच अंगावर बघितलं. पहिले काही महिने त्यांचा हात खांद्यावर पडला की मला किळस यायची. मग यायची थांबली. मग तो हात नसला की चालताना तोल जातोय असं वाटायला लागलं. आणि ते बदलले, किंवा मोडलेला माणूस जसा होतो तसे झाले. माझ्याशी हळू बोलायचे. मला आधी जेवायला बसवायचे. मला ते असह्य व्हायचं.

दोन वर्षं मी सोसलं आणि मग आईला सांगितलं, चुलीपुढं, सगळं, तांब्यापासून दगडापर्यंत. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "कोणाला बोलू नको. घर निवांत हाय." मी म्हटलं, नानांना वाटतं त्यांचं डोकं गेलंय. ती म्हणाली, "वाटू दे." मग तिनं भाकरी उलटली आणि मला ताट घ्यायला सांगितलं.

त्या दुपारीच मी नानांना सांगितलं. ते शेवग्याच्या सावलीत खाटेवर बसले होते, मी खाली. दादा बाजारातून यायचे होते, आई मेथीला पाणी भरत होती. मी कुठंही न थांबता सांगितलं. रोज चार बोटं, कुठली वस्तू कधी, शेवटी दगड, आणि तो परत कसा बसवला. सांगून झाल्यावर मी त्यांच्या हाताची वाट बघत राहिले. मारतील, गळा धरतील, आईला हाक मारतील, काहीही. मी ते सगळं घ्यायला तयार होते, मला ते हवं होतं.

नानांनी विचारलं, "कोणी सांगितलं तुला आसं बोलायला? दादानं?"

"कोणी नाही. खरं सांगते, नाना. मीच केलं."

ते हसले. जुनं, मिशीतलं हसू ते नव्हतं. वाकडा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, तिन्ही मेलेली बोटं केसांत अडकली. "लय गुणाची पोर हायेस," म्हणाले. "पण माझ्यासाठी खोटं बोलू नको. डोकं गेल्यालं माणसाला कळतं."

मी त्यांचा हात झटकला. शपथ घेतली, देवाची, आईची. कुठल्या दिवशी घोंगडी कुठं होती हे सांगायला लागले. जितकं बारकाव्यानं सांगत गेले तितके ते मान हलवत राहिले, कष्टी होऊन, मला थांबवत, जसं काही कोणी आपल्यासाठी फारच मोठा त्रास घेतं आहे.

थोड्या वेळानं त्यांनी पाय खाटेवरून खाली सोडले आणि हात हवेत, माझ्या खांद्याच्या उंचीवर धरला.

"ऊन उतरलं का?" म्हणाले. "चल, मोरीकडं ने मला."

मी उठले आणि खांदा त्यांच्या हाताखाली दिला.